कबड्डीत गुडघा गेला, कंपनी म्हणते 'धोकादायक खेळ' : विम्यातलं अपवादाचं कलम कोर्ट कसं वाचतं?

बोनसलाइन

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ एमआयडीसीत सुपरवायझर आहे. सुट्टीच्या दिवशी आमच्या मंडळाकडून कबड्डी खेळतो. रेडला गेला असताना कोपरारक्षकाने घोटा धरला, वरून दुसरा पडला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध) पूर्ण तुटलेलं आणि मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चा) फाटलेलं निघालं. ऑपरेशन झालं. त्याचा स्वतःचा मेडिक्लेम आहे, दुसरं वर्ष चालू आहे.

क्लेम नाकारला. पत्रात दोन कारणं दिलीत.
एक : 'धोकादायक किंवा साहसी खेळ', कोड एक्सक्ल ०९ (एक्सक्ल म्हणजे पॉलिसीतला अपवाद).
दोन : गुडघ्याच्या अंतर्गत बिघाडाला चोवीस महिन्यांची प्रतीक्षा, कोड एक्सक्ल ०२.

एक गोष्ट आधीच सांगतो. मंडळ खेळाडूंना सामन्यामागे थोडं मानधन देतं, पेट्रोल वेगळं. कंपनीचा तपासनीस हे गावात विचारून गेल्याचं कळलं. एजंट म्हणतो, "सोडा, पैसे घेऊन खेळला म्हणजे प्रोफेशनल झाला." हे खरं का? कोर्टात अशी कलमं कशी वाचतात?

---

क्लेमटेबल

मी बरीच वर्षं क्लेम विभागात काढली आहेत, आता बाहेर आहे, म्हणून मोकळं लिहितो.

एक्सक्ल ०९ ची भाषा तुमच्या कंपनीने बनवलेली नाही. आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने) २०१९ साली सगळ्या हॉस्पिटलायझेशन पॉलिसींसाठी अपवादांची भाषा ठरवून दिली, त्यातलं हे कलम आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीचं वेगळं असायचं आणि काहींमध्ये तर कुठलाही 'स्पर्धात्मक खेळ' उडवून लावलेला असे. आताच्या कलमाचा आशय असा : व्यावसायिक म्हणून धोकादायक किंवा साहसी खेळात भाग घेतल्यामुळे कराव्या लागणाऱ्या उपचारांचा खर्च मिळणार नाही. पुढे यादी येते : पॅराजंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, स्कूबा, हँग ग्लायडिंग, स्कायडायव्हिंग, खोल समुद्रातलं डायव्हिंग. यादीआधी 'यांसह, पण एवढ्यापुरतेच नव्हे' अशा अर्थाचे शब्द आहेत.

म्हणजे दोन अटी झाल्या. खेळ धोकादायक किंवा साहसी हवा, आणि माणूस त्यात व्यावसायिक म्हणून उतरलेला हवा. दोन्ही एकत्र. मानधनाचा मुद्दा फक्त दुसऱ्या अटीचा आहे. पहिलीत कबड्डी बसते का, ते एजंटला विचारा.

---

पोपटपंची

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विमा म्हणजे देताना हात जोडतात आणि मागताना कायदा शिकवतात.

---

ॲड_मृण्मयी

क्लेमटेबल यांनी कलम अचूक सांगितलं. आता कोर्टाच्या बाजूने.

अपवादाच्या कलमाबद्दल सुप्रीम कोर्टाने जे नियम घालून दिलेत ते बहुतेक आगीच्या, मोटारीच्या, दागिन्यांच्या विम्याच्या खटल्यांतून आले आहेत. जखम गुडघ्याची असो की गोदामाची, कलम वाचायची रीत तीच.

पहिला नियम : अपवाद लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर. क्लेम पॉलिसीच्या चौकटीत बसतो एवढं विमाधारकाने दाखवायचं. त्यापुढे 'हो, पण हे कलम आडवं येतं' असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा. ईशरदास मदनलाल (२००७), नरसिंग इस्पात (२०२२), वेदिक रिसॉर्ट्स (२०२३) या निकालांत हे स्पष्ट आहे. नरसिंग इस्पातमध्ये तर कंपनीने दहशतवादाचा अपवाद पुढे केला होता. तो पुराव्याने सिद्ध झाला नाही आणि कंपनी हरली. तेव्हा तपासनिसाने गावात कुजबुज ऐकली, एवढ्यावर 'व्यावसायिक' सिद्ध होत नाही.

दुसरा : शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाच्या बाजूचा घ्यायचा. पुष्पालय प्रिंटर्स (२००४) वाचून बघा. पॉलिसीत वाहनाच्या 'इम्पॅक्ट'मुळे झालेलं नुकसान भरून मिळणार होतं. रस्त्यावरून बुलडोझर गेला, हादऱ्याने इमारतीचं आणि यंत्रांचं नुकसान झालं. कंपनी म्हणाली, गाडी भिंतीला लागलीच कुठे? कोर्ट म्हणालं, जोराचा हादरा हाही इम्पॅक्टच.

तिसरा मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : अपवाद इतका ताणायचा नाही की ज्यासाठी विमा घेतला तो हेतूच मरेल. स्कँडिया (१९८७) मध्ये ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून ट्रकमधून उतरला, विनापरवाना क्लीनरने ट्रक हलवला आणि एकाचा जीव गेला. परवान्याच्या कलमावर बोट ठेवून कंपनी सुटायला बघत होती. कोर्टाने ते कलम मुख्य हेतूच्या खाली आणून वाचलं. अलीकडचा टेक्सको मार्केटिंग (२०२२) आणखी बोलका आहे. दुकान तळघरात, कंपनीने ते पाहून विमा दिला, हप्ते घेतले आणि आग लागल्यावर सांगितलं की तळघर पॉलिसीत बसतच नाही. सुप्रीम कोर्टाने त्या कलमाला उभंही राहू दिलं नाही.

---

कायद्याचा_किडा

मृण्मयीताई, एक शंका. शब्द संदिग्ध असेल तर मसुदा करणाऱ्याच्या विरोधात वाचायचा, हे ठीक. पण इथे मसुदा कंपनीचा नाहीच, नियामकाचा आहे. मग कंपनीचा वकील म्हणेल, "साहेब, आम्ही फक्त छापलं."

---

ॲड_मृण्मयी

प्रश्न रास्त आहे आणि समोरचा वकील हुशार असेल तर हाच मुद्दा काढेल. म्हणूनच त्या एकाच नियमावर केस उभी करू नये. सिद्ध करायचा भार आणि पॉलिसीचा मुख्य हेतू, हे दोन नियम मसुदा कोणी केला यावर अवलंबून नाहीत. स्कँडियातलं परवान्याचं कलमही एका कंपनीच्या मनातून आलेलं नव्हतं, त्याच्यामागे मोटार वाहन कायदा होता. तरी ते हेतूला धरून वाचलं गेलं.

उलट मी तर नियामकाचा मसुदा आपल्या बाजूने वापरेन. आयआरडीएआयने 'व्यावसायिक म्हणून' हे शब्द घातले, याचा अर्थ हौशी माणसाला बाहेर काढायचं नव्हतं. कंपनीने ते शब्द पुसून वाचायचे नाहीत.

---

सह्याद्रीवेडा

माझ्यासारख्यांचं काय मग? शनिवार-रविवार ग्रुप घेऊन जातो, रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग. पैसे घेतो, तेच उत्पन्न. मला काही झालं तर?

---

क्लेमटेबल

तुम्हाला कडू सांगतो. तुम्ही कड्यावर दोर लावून पैसे कमावता. रॉक क्लाइंबिंग यादीत नावानिशी आहे आणि तुम्ही व्यावसायिक आहात. दोन्ही अटी पूर्ण. असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता तर मीही नाकारला असता. तुमच्याबरोबर शुल्क भरून आलेला आयटीवाला त्याच दोरावरून घसरला तर त्याचा क्लेम या कलमाखाली अडवता येऊ नये, कारण तो पैसे देऊन आलाय, घेऊन नाही.

---

ॲड_मृण्मयी

सहमत. कोर्ट नेहमी विमाधारकाच्या बाजूने झुकतं असा समज इथे होऊ नये. शब्द स्वच्छ असतील तर कोर्ट नवा करार लिहून देत नाही. विक्रम ग्रीनटेक (२००९), सूरजमल रामनिवास ऑइल मिल्स (२०१०), हे त्या बाजूचे निकाल. ओरिसाच्या एका औद्योगिक गुंतवणूक महामंडळाच्या घरफोडी विम्यात (२०१६) पॉलिसीत 'बळाचा वापर करून' चोरी असं लिहिलं होतं. चोरी झाली, पण बळाचा पुरावा नव्हता. कोर्ट म्हणालं, शब्द स्पष्ट आहे, संदिग्धतेचा नियम इथे लावता येत नाही.

सह्याद्रीवेडा, तुम्ही वेगळं कव्हर घ्या. आणि घेताना काय काम करता ते प्रस्तावात लिहून द्या. 'शिक्षक' किंवा 'फोटोग्राफर' असं काहीतरी मोघम लिहू नका.

---

सह्याद्रीवेडा

फोटोग्राफरच लिहिलंय 🙂 बदलतो.

---

गिरगावचा_चौथा_थर

आमचं दुखणं याहून गमतीदार आहे. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. आम्ही ढोल वाजवले. आता हा धागा वाचून वाटतंय की कंपनीला आयतंच हत्यार दिलं की काय! 'सरकारच म्हणतंय साहसी, मग एक्सक्ल ०९ लागू.'

---

कायद्याचा_किडा

हाहाहा, हे भारी आहे. क्रीडा खात्याचा दर्जा नोकरी, सवलती, विमा योजना यांसाठी. विमा करारातला शब्द करारातूनच वाचायचा, असा युक्तिवाद करता येईल. पण समोरचा तो शासन निर्णय दाखल करणार हेही नक्की.

---

ॲड_मृण्मयी

दाखल करू देत. पहिली अट त्यांनी जिंकली असं धरू. दुसरीचं काय? चौथ्या थरावरचा पोरगा नोकरी-कॉलेज सांभाळून गोपाळकाल्याला चढतो. बक्षीस लाखांचं असलं तरी ते पथकाला मिळतं आणि त्यातून टी-शर्ट, ट्रक, जेवण निघतं. तो व्यावसायिक कसा? प्रो गोविंदासारख्या स्पर्धेत करार करून, ठरलेले पैसे घेऊन उतरणाऱ्याचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. तिथे मी आत्ता ठाम बोलणार नाही.

शिवाय सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलेलं गोविंदांचं कव्हर (मृत्यूला दहा लाख वगैरे) हे अपघात विम्याच्या जातीचं आहे. त्याच्या अटी वेगळ्या, तुमच्या मेडिक्लेमच्या वेगळ्या. एकाचं कलम दुसऱ्यात घुसवू देऊ नका. आयआरडीएआयची ती २०१९ ची ठरीव भाषा वैयक्तिक अपघात आणि प्रवास विम्याला लागू नाही. तिथे कंपनीनिहाय वेगळी कलमं सापडतात आणि ती खरंच वाचावी लागतात. आणि हो, चौदा वर्षांखालचं पोर थरात असेल तर विषयच वेगळा. २०१७ मध्ये सरकारनेच हायकोर्टात सांगितलंय की त्या वयाच्या मुलांना चढू देणार नाही.

---

बोनसलाइन

खूप धन्यवाद सगळ्यांना. पहिलं कारण पोकळ आहे हे कळलं. पण 'एवढ्यापुरतेच नव्हे' या शब्दांमुळे ते कबड्डी आत ओढू शकत नाहीत का? आणि दुसऱ्या कारणाबद्दल कोणी बोललंच नाही. चोवीस महिने झालेले नाहीत, हे तर खरं आहे.

---

ॲड_मृण्मयी

'एवढ्यापुरतेच नव्हे'मुळे यादी वाढते, पण त्याच जातीच्या खेळांनी वाढते. यादीत काय आहे बघा. उंची, वेग, खोल पाणी. चूक झाली तर जीव जाण्याची शक्यता खेळाच्या गाभ्यातच आहे. बंजी जंपिंग किंवा पॅराग्लायडिंग त्यात घालता येईल. कबड्डी शाळेच्या पीटीच्या तासाला खेळतात. इजा होऊ शकते म्हणून खेळ 'धोकादायक' धरायचा तर फुटबॉल, खो-खो, बॅडमिंटन सगळंच बाहेर जाईल आणि मग कलमात 'धोकादायक किंवा साहसी' हे शब्द घालायची गरजच काय होती?

दुसऱ्या कारणाचं उत्तर क्लेमटेबल यांनी द्यावं, त्यांनी ती पत्रं टाइप केली असतील.

---

क्लेमटेबल

केलीत, नाकारून कशाला 😐

एक्सक्ल ०२ चं पूर्ण कलम काढा. त्यातच एक ओळ आहे की अपघातामुळे उद्भवलेल्या क्लेमला ही प्रतीक्षा लागू नाही. नाकारण्याच्या पत्रात बहुधा ती ओळ नसते, फक्त यादीतला आजार असतो. आयआरडीएआयची अपघाताची व्याख्या अशी : अचानक, अनपेक्षित, अनैच्छिक आणि बाह्य, दृश्य व हिंसक कारणाने घडलेली घटना. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि दुसरा अंगावर पडला, याहून बाह्य आणि दृश्य काय हवं?

पण खरी लढाई कागदावर होते. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआय नीट वाचा. 'जुनी इजा', 'झीज', 'सहा महिन्यांपासून गुडघेदुखी' असे शब्द कुठे आहेत का? रेसिडेंट डॉक्टर घाईत हिस्टरीत काहीही लिहितात आणि नंतर त्या एका ओळीवर क्लेम पडतो. पहिल्या दिवशी ज्या डॉक्टरकडे गेलात त्याचा कागद सोन्यासारखा. त्यावर 'कबड्डी खेळताना पडून' असं असेल तर निम्मं काम झालं.

---

पोपटपंची

पण ताई, कबड्डीत पडणार, धरणार, हे ठरलेलंच ना? मग 'अनपेक्षित' कसं म्हणायचं? चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

---

ॲड_मृण्मयी

अहो, चांगलं विचारलंत. खेळायला उतरणं त्याने स्वखुशीने केलं, गुडघा तोडून घेणं नाही. जोखीम ठाऊक असणं आणि परिणाम अपेक्षित असणं यात फरक आहे. रस्ता ओलांडणाऱ्यालाही जोखीम ठाऊक असतेच.

पण अपघाताची व्याख्या कोर्ट सढळ हाताने वाढवतं असंही नाही. अलका शुक्ला (२०१९) प्रकरणात माणूस मोटारसायकल चालवत होता, छातीत दुखलं, हृदयविकाराचा झटका आला, खाली पडला आणि गेला. अपघात लाभ मिळाला नाही, कारण पडण्याच्या इजेने मृत्यू झाला हे दाखवता आलं नाही. त्याच वर्षी मौसुमी भट्टाचार्जी प्रकरणात मोझांबिकमध्ये मलेरियाने झालेला मृत्यू 'अपघात' मानायला कोर्टाने नकार दिला. तिथे मलेरिया सर्रास आहे, डास चावणं अनपेक्षित कसलं, असा रोख होता.

खेळाडूंना यातून धडा असा की मैदानात धावताना हार्ट ॲटॅक आला तर 'मैदानात झाला' एवढ्यावर अपघात विमा मिळत नाही. कारणांची साखळी दाखवावी लागते. मात्र शेवटची कडी कोणती यापेक्षा मुख्य कारण कोणतं, हे कोर्ट बघतं. गोव्याच्या झुआरी इंडस्ट्रीजच्या निकालात (२००९) आग अगदी थोडा वेळ होती, पण पुढची सगळी घसरण तिथून सुरू झाली. कोर्टाने आगच कारण मानली.

---

लीड्सकर

इंग्लंडमधून थोडी भर. इथे मॉर्ली विरुद्ध युनायटेड फ्रेंडली (१९९३) असा एक निकाल आहे. 'निष्कारण धोका मुद्दाम ओढवून घेणे' असा अपवाद होता. एका माणसाने थट्टामस्करीत होणाऱ्या बायकोच्या चालू गाडीच्या मागच्या बंपरवर उडी मारली, पडला आणि मेला. कंपनी म्हणाली, मुद्दाम धोका घेतला. अपील कोर्टाने क्लेम मान्य केला. क्षणभराचा मूर्खपणा म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं नव्हे. शिवाय २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सरळ लिहिलंय की अटीचे दोन अर्थ होत असतील तर ग्राहकाच्या फायद्याचा धरायचा. तिथे मसुदा कोणी केला हा वाद फारसा उरत नाही. किडासाहेबांना हे आवडेल.

---

कायद्याचा_किडा

आवडलं. आपल्याकडेही असं एक वाक्य कायद्यात बसवलं तर निम्मे ग्राहक आयोग रिकामे होतील.

---

बोनसलाइन

कागद पाहिले. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर 'कबड्डी सामन्यात इजा' असं आहे. एमआरआयमध्ये झीज वगैरे शब्द नाहीत. एसीएलपुढे 'ॲक्यूट' (म्हणजे ताजी इजा) लिहिलंय. जीव भांड्यात पडला.

एक विचारतो. आमच्या मंडळाचे सचिव म्हणतात, "खेळाडूला एक पैसाही दिला जात नाही" असं लेटरहेडवर लिहून देतो, शिक्का मारून. घेऊ का?

---

क्लेमटेबल

अजिबात नाही. खोटं पत्र एकदा गेलं की तुमचं खरं प्रकरणही खोट्यात जमा होतं. तपासनिसाकडे एखाद्या खेळाडूचा जबाब असला तर संपलंच.

---

ॲड_मृण्मयी

क्लेमटेबल यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि गरजही नाही. सचिवांकडून खरं पत्र घ्या : सामन्यामागे किती मानधन, प्रवासखर्च किती, खेळाडूशी करार आहे की नाही. त्याला भावाच्या पगाराची स्लिप आणि आयकर विवरण जोडा. उत्पन्न नोकरीतून येतं आणि मानधन किरकोळ आहे, हे आकड्यांतून दिसू द्या. कबड्डी 'धोकादायक खेळ' नाहीच, हा मुद्दा तरीही आधी मांडायचा. 'व्यावसायिक नाही' हा पर्यायी.

आता क्रम. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि विचारा की हा नकार क्लेम्स रिव्ह्यू कमिटीने (कंपनीतल्या क्लेम तपासणाऱ्या समितीने) मंजूर केला होता का. २०२४ पासून त्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तर न देता महिना उलटल्यापासून, एका वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. नाही पटला तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांची मुदत, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

नाकारण्याचं मूळ पत्र जपून ठेवा. पत्रात नसलेलं नवं कारण कंपनीला नंतर आयोगात काढता येत नाही. सौराष्ट्र केमिकल्सचा २०१९ चा निकाल त्यासाठी जोडा. आणखी एक : भावाला पॉलिसीचं पूर्ण पुस्तक मिळालं होतं की फक्त शेड्यूलचं पान?

---

बोनसलाइन

फक्त पान आणि कार्ड. पुस्तक मी काल कंपनीच्या साइटवरून उतरवलं.

---

ॲड_मृण्मयी

मग मॉडर्न इन्सुलेटर्स (२०००) आणि भारत वॉच कंपनी (२०१९) हेही जोडा. अपवादाची कलमं विमाधारकाच्या हाती दिलीच नसतील तर ती त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असं दोन्हींत म्हटलंय. हा मुद्दा तक्रारीत तिसऱ्या क्रमांकावर घाला. पहिल्या क्रमांकावर घातलात तर वाटेल की कलमाला तुमच्याकडे उत्तर नाही.

---

गिरगावचा_चौथा_थर

आमच्या पथकात निम्म्यांकडे तेच एक पान आहे. सरावाला आलेल्या प्रत्येकाला पुस्तक मागवायला सांगतो.

---

बोनसलाइन

तक्रार अधिकाऱ्याला आज ईमेल गेला, रजिस्टर्ड एडी उद्या. कमिटीचा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात टाकलाय. उत्तर आलं की इथेच चिकटवतो.